वाचकांचे प्रश्न : बंद कोळसा खाणीवरचे घर

प्रश्न : ऑगस्ट 2022 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक घर पाहता पाहता जमिनीत गेले. खालची भूमिगत खाण तर केव्हाच बंद झालेली. मग इतक्या वर्षांनी जमीन का खचते? आपल्या घराखाली काय आहे, हे कसे कळेल?

उत्तर : जुन्या भूमिगत खाणींत उभ्या-आडव्या गॅलऱ्या (बोगदे) काढून मधले कोळशाचे चौकोनी पिलर (खांब) छत तोलायला ठेवत. नियमानुसार 60 मीटरपर्यंत खोलीवर गॅलरी 4.8 मीटर रुंद असेल, तर पिलरच्या मध्यापासून पुढच्या पिलरच्या मध्यापर्यंत किमान 19.5 मीटर अंतर लागते. हिशेब केला तर सुमारे 57 टक्के कोळसा पिलरांत राहतो.

जमीन खचते ती बहुधा दोन गॅलऱ्या छेदतात त्या चौकावर, कारण तिथे छताला आधार सर्वांत कमी. दगड सुटत जातात आणि पोकळी वर सरकते. फुटलेला दगड जास्त जागा घेतो, म्हणून ती कधीतरी आपोआप भरते. दगड 30 टक्के फुगला, तर 3 मीटर उंच गॅलरीवरची पोकळी साधारण 10 मीटर चढून थांबायला हवी. पण वर्धा खोऱ्यातला कोळशाचा मुख्य थर 15 मीटरहूनही जाड आहे, त्यामुळे गॅलरी 3 मीटरहून उंचही असू शकते. गॅलरी जितकी उंच आणि वरचा दगड जितका कमी, तितका धोका मोठा. त्यात खाण बंद झाली की पंप थांबतात, पाणी चढते, पिलरांच्या कडा सुटतात, पडलेला ढिगाराही पाणी उतारावर नेते. याला दशके लागतात; पावसाळ्यात वरची माती भिजून जड झाली की उरलेले कवच तुटते.

वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीच्या क्षेत्रीय कार्यालयात माहिती अधिकाराखाली बंद खाणीचा नकाशा मागा. नुसता नकाशा पुरत नाही. वरची घरे दाखवलेला नकाशा, खोली, गॅलरीची उंची, पिलर काढले का आणि वाळू भरली का, हे पाचही मुद्दे अर्जात वेगवेगळे लिहा. भिंतीच्या भेगेवर आडवी काचपट्टी सिमेंटने चिकटवून तारीख टाका. काच तडकली तर हालचाल चालू आहे. अंगणात गोल भेग पडली किंवा विहिरीचे पाणी एकाएकी उतरले, तर काचेची वाट पाहू नका, त्याच क्षणी घराबाहेर पडा. खड्ड्यात नुसता मुरूम टाकणे घातक आहे, खालची पोकळी तशीच राहते.

प्रश्न : कोळशाच्या पैशातले गावाला काय मिळते?

उत्तर : हजार रुपयांच्या कोळशावर 14 टक्के रॉयल्टी, म्हणजे 140 रुपये, राज्याला जाते. जुन्या लीजवर (खाणपट्ट्यावर) रॉयल्टीच्या 30 टक्के, म्हणजे आणखी 42 रुपये, जिल्हा खनिज प्रतिष्ठानात, म्हणजे खाणबाधित भागासाठीच्या जिल्हा निधीत, जमा होतात. गावाला हात घालता येतो तो या 42 रुपयांतच. वरोऱ्याची सरकारी खाण 1906 मध्ये बंद पडली; तिच्यासाठी वर्ध्याहून आणलेला रेल्वेमार्ग मात्र आज दिल्ली-चेन्नई मार्गाचा भाग आहे. म्हणून खाण चालू असतानाच टिकाऊ कामे मागा. पिण्याचे पाणी, आरोग्य आणि शिक्षण ही या निधीची प्राधान्याची कामे आहेत. ग्रामसभेचा ठराव, जागेचा उतारा आणि अंदाजपत्रक जोडूनच प्रस्ताव द्या.