काचेतले एकवीस दिवस

"मॅडम, ते उंदरांचं खरं आहे का हो?" खुर्चीत टेकता टेकताच ताईंनी मोबाईल पुढे केला. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मुलगा नऊ वर्षांचा. चाचणीच्या दिवशी सकाळी पोट दुखतं, घास उतरत नाही. सातव्या महिन्यात झालेला, म्हणून एकवीस दिवस काचेत होता. सासूबाई म्हणतात, "वेळेवर आईचा हात लागला नाही ना!" माहेरचे म्हणतात, "आमच्या आप्पांवर गेलाय, रक्तातच आहे." त्यात हा मेसेज: आईने न चाटलेली पिल्लं जन्मभर भित्री राहतात, जनुकांनाच कुलूप लागतं.

प्रयोग खरा आहे. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि सहकाऱ्यांनी केलेला. काही उंदीर-माद्या पहिल्या आठवड्यात पिल्लांना खूप चाटतात, काही कमी. पुढे मोठं झाल्यावर पिल्लांना वीस मिनिटं अरुंद नळीत अडकवलं, तर खूप चाटलेल्यांचं ताणाचं संप्रेरक कमी चढतं. त्यांच्या मेंदूत हे संप्रेरक ओळखून 'आता पुरे' म्हणणारे ग्राहक (रिसेप्टर) जास्त असतात. कमी चाटलेल्यांत त्याच ग्राहकाच्या जनुकावर मिथाइलच्या, म्हणजे जनुकाचं काम मंदावणाऱ्या रासायनिक, खुणा जास्त सापडल्या, हे 2004 सालचं संशोधन. कुलूप म्हणतात ते हेच.

पण मेसेज तिथेच संपला होता, आणि माझी चिडचिड होते ती इथे. जन्मतःच पिल्लांची अदलाबदल केली, तेव्हा ती वाढवणाऱ्या आईसारखी झाली, जन्म देणारीसारखी नाही. म्हणजे आप्पांचं रक्त एकटं काही ठरवत नाही. आणि कमी चाटणारी मादी निष्काळजी नसते. दोघी पिल्लांजवळ सारखाच वेळ असतात.

ताई म्हणाल्या, "पण मी तर जवळच नव्हते."

मग मी 2002 मधला प्रयोग सांगितला. पिल्लांना रोज तीन तास आईपासून दूर ठेवलं. ती ताणाला जास्त बिचकू लागली. दूध तुटल्यावर त्यांना सोबती, खेळणी, ऐसपैस पिंजरा दिला, आणि मोठेपणी त्यांचं वागणं आणि संप्रेरकं सावरली. मेंदूतला एक जुना बदल मात्र तसाच होता. मला हा निकाल फार आवडतो, कारण काही झालंच नव्हतं असं तो म्हणत नाही.

उंदराच्या आठवड्यावरून माणसाच्या बाळाचे आठवडे मोजायचे नसतात, हेही बजावलं. काचेतलं बाळ जगावं म्हणून तिथे होतं. ताई रडल्या. मी पाण्याचा ग्लास सरकवला आणि विषय चाचणीच्या सकाळवर आणला: त्या दिवशी घरात कोण कोण घाई करतं? यादी मोठी निघाली, पहिलं नाव त्यांचं स्वतःचंच.

पुढच्या वेळी मुलगा आला. उंदरांची गोष्ट आईने सांगितलीच होती. त्याला एवढंच विचारायचं होतं, "नळीतल्या उंदराला नंतर सोडतात ना?"

"सोडतात की. वीस मिनिटांनी."

"मग ठीक आहे," म्हणाला, आणि माझ्या टेबलावरचा ठोकळ्यांचा डबा ओढून घेतला.