लाल पूररेषेच्या आतल्या प्लॉटवर दीड फूट जोते उचलून घर बांधता येते का?

आपला प्रश्न असा आहे की, सांगलीजवळ कृष्णाकाठच्या एका गावात पाच गुंठ्यांचा प्लॉट आपल्याला मिळतो आहे, नदी तेथून साधारण दोनशे मीटरवर आहे, आणि मध्यस्थ सांगतो की प्लॉट निळ्या रेषेच्या बाहेर असून फक्त लाल रेषेत येतो. थोडा भराव टाकून जोते दीड फूट उचलले की परवानगीला अडचण नाही, असेही तो म्हणतो. मी बांधकाम परवानगीचे नकाशे तयार करून दाखल करण्याचे काम अनेक वर्षे करत आलो आहे आणि याच पट्ट्यात काम केलेले असल्यामुळे सविस्तर लिहितो. मध्यस्थाचे बोलणे पूर्णपणे खोटे नाही. त्यातील "दीड फूट" हा आकडा नियमातलाच आहे. तो दीड फूट कोठून मोजायचा, एवढेच त्याने सांगितलेले नाही, आणि आपल्या घराचे सगळे भवितव्य त्यावरच अवलंबून आहे.

आधी या दोन रेषा काय आहेत ते पाहू. जलसंपदा विभाग, म्हणजे पूर्वीचा पाटबंधारे विभाग, नदीच्या दोन्ही काठांवर पूररेषा आखून देतो. त्यामागचा मूळ आधार १९८९ सालचे शासन परिपत्रक हा आहे. सरासरीने २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, किंवा नदीपात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट विसर्ग, यांपैकी जो अधिक असेल त्याचे पाणी जेथवर पोचते ती निळी रेषा. सरासरीने १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे पाणी जेथवर पोचते ती लाल रेषा. धरणाखालच्या नद्यांच्या बाबतीत सांडव्यावरून सोडावा लागणारा विसर्गही त्यात हिशेबात धरतात. नदीकाठापासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध क्षेत्र मानला जातो आणि निळ्या व लाल रेषेच्या मधला पट्टा नियंत्रित क्षेत्र. डिसेंबर २०२० मध्ये बृहन्मुंबई महानगरपालिका आणि काही मोजकी क्षेत्रे वगळून राज्यभर लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावलीत, जिला बांधकाम क्षेत्रातले सगळे यूडीसीपीआर म्हणतात, ही विभागणी कायम आहे.

निषिद्ध पट्ट्यात उघडे वाहनतळ, बाग, हिरवळ, स्मशानभूमी, सांडपाणी प्रक्रिया केंद्र, पाण्याच्या किंवा गॅसच्या वाहिन्या, सार्वजनिक स्वच्छतागृह असे मोजके उपयोग सोडले तर नवीन बांधकामाला जागा नाही. तेथे आधीपासून असलेल्या अधिकृत इमारतीच्या पुनर्विकासाला जलसंपदा विभागाच्या ना-हरकत दाखल्यावर आणि जोत्याच्या अटीवर वाट ठेवलेली आहे, पण ती आपल्या मोकळ्या प्लॉटला लागू होणार नाही. या पट्ट्यात चोरून किंवा डोळेझाक करवून घेऊन बांधलेले घर पुढे नियमित होईल, या आशेवर कोणीही राहू नये. पिंपरी-चिंचवडमधील चिखली येथे इंद्रायणीच्या निळ्या रेषेच्या आत बांधलेले ३६ बंगले महापालिकेने मे २०२५ मध्ये पाडले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा तसा आदेश होता आणि सर्वोच्च न्यायालयातही तो कायम राहिला. त्या घरांत माणसे राहत होती आणि त्यांनी प्लॉट पैसे मोजून, नोंदणी करून घेतले होते.

आता आपल्या पट्ट्याकडे, म्हणजे निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या जागेकडे वळतो. तेथे बांधकामाला परवानगी मिळू शकते. अट अशी की इमारतीचे जोते लाल पूररेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच असले पाहिजे. मध्यस्थाचा दीड फूट तो हाच. परंतु तो जमिनीपासून किंवा समोरच्या रस्त्यापासून मोजायचा नसून शंभर वर्षांच्या पुराचे पाणी आपल्या प्लॉटपाशी ज्या उंचीला उभे राहील, तेथून वर मोजायचा आहे. नकाशावर लाल रंगाची रेघ दिसते म्हणून आपण तिला रेषा म्हणतो, पण रेघ ही फक्त त्या पाण्याची कड आहे. रेघेच्या आतल्या प्रत्येक प्लॉटवर पाण्याची काही ना काही खोली येतेच, आणि जितके आपण नदीच्या बाजूला सरकू तितकी ती साधारणतः वाढत जाते.

एक उदाहरण घेऊ. समजा आपल्या प्लॉटपाशी लाल रेषेची पातळी समुद्रसपाटीपासून ५४७.२० मीटर आहे आणि प्लॉटची जमीन ५४४.९० मीटरवर आहे. जोते ५४७.६५ मीटरला यावे लागेल, म्हणजे जमिनीपासून २.७५ मीटर, सुमारे नऊ फूट. मध्यस्थाने सांगितलेला दीड फूट आणि हा नऊ फूट यांत घराचा सगळा आराखडा आणि पायाचा सगळा खर्च बदलतो. याउलट प्लॉट लाल रेषेच्या अगदी कडेला असेल आणि जमीन ५४७.०० मीटरवर असेल, तर तेच काम ६५ सेंटिमीटरच्या जोत्यात होईल. दोन्ही प्लॉट "फक्त लाल रेषेत" आहेत आणि दोन्हींची जाहिरात एकाच शब्दांत होते. म्हणून नदी किती मीटरवर आहे, हा प्रश्न मी दुय्यम मानतो. सांगलीत बहुतेकांना ठाऊक आहे की पाणी काठ ओलांडून समोरून येण्याच्या आधी शेरीनाल्यासारख्या नाल्यांतून मागच्या बाजूने वस्तीत शिरते. नदीपासून पाचशे मीटरवरची खोलगट जागा आधी बुडते आणि शंभर मीटरवरचा उंचवटा कोरडा राहतो, हे दर मोठ्या पुरात दिसते.

२०१९ च्या ऑगस्टमधला पूर ओसरल्यावर एका ओळखीच्या कुटुंबाने मला घर पाहायला बोलावले होते. दिवाणखान्याच्या भिंतीवर गाळाची तपकिरी रेघ स्विचबोर्डाच्या वर, माझ्या छातीच्या उंचीला होती, आणि ती चारही भिंतींवर इतकी सरळ होती की पट्टी लावून मारल्यासारखी वाटावी. मंजूर नकाशा त्यांनी माळ्यावर ठेवला होता म्हणून वाचला होता. मी तो उलगडून पाहिला, तर छेदाच्या आकृतीत जोत्यापाशी "०.४५ मी." एवढेच लिहिलेले होते. कशाच्या वर ०.४५, ते लिहिलेले नव्हते. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा एकही आकडा त्या कागदावर नव्हता. ठेकेदाराने प्रामाणिकपणे रस्त्यापासून दीड फूट मोजून जोते बांधले होते. मी ऑटो लेव्हल हे उंची मोजण्याचे यंत्र लावून जवळच्या बेंचमार्कवरून, म्हणजे उंची ठाऊक असलेल्या खुणेवरून, फरशीची उंची काढली, तेव्हा ती त्या जागेच्या लाल रेषेच्या पातळीपेक्षा एक मीटरहून अधिक खाली निघाली. नकाशा करणारा, तपासणारा, बांधणारा आणि राहणारा, यांपैकी कोणीही लबाडी केली नव्हती. एका आकड्याचा संदर्भ लिहायचा राहून गेला होता. त्या दिवसापासून मी माझ्या प्रत्येक नकाशावर जमिनीची, लाल रेषेची आणि जोत्याची अशा तिन्ही पातळ्या लिहितो, आणि जोते झाल्यावर स्लॅबची वाट न पाहता ती स्वतः जाऊन तपासतो.

पातळीचा हा हिशेब आपल्याकडच्या लोकांना नवीन नाही. फक्त आपली भाषा फुटांची आहे. आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४५ फूट म्हणजे धोका पातळी, हे सांगलीत शाळकरी मूलही सांगते. २०१९ मध्ये पाणी तेथे ५७ फुटांच्या वर गेले होते. अमुक फूट झाले की आमच्या दारात पाणी येते, असे प्रत्येक गल्लीतला जुना माणूस सांगू शकतो. ही माहिती मोलाची आहे, पण पुलावरचे फूट हे त्या मोजपट्टीच्या शून्यापासून असतात, आपल्या जमिनीपासून नव्हे, आणि आपला प्लॉट पुलाच्या वर किंवा खाली काही किलोमीटरवर असेल तर नदीच्या उतारामुळे तेथील पाण्याची उंची वेगळी असते. म्हणून शेजाऱ्यांच्या भिंतींवर २००५, २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा असतील तर त्या दाखवून घ्या आणि सर्वेक्षकाकडून त्यांची उंची समुद्रसपाटीच्या हिशेबात काढून घ्या. लाल रेषेची पातळी आणि प्रत्यक्ष पाहिलेल्या पुराची पातळी यांपैकी जी जास्त असेल ती धरून जोते ठरवा, असा माझा आग्रह असतो. नियम तेवढे मागत नाही. पुढे त्या घरात राहणाऱ्यांच्या दृष्टीने ते आवश्यक आहे, असे मला वाटते.

"शंभर वर्षांतून एकदा" या शब्दांनीही फसगत होते. २०१९ ला मोठा पूर येऊन गेला म्हणजे आता पुढची पिढी निश्चिंत, असा त्याचा अर्थ लोक लावतात, आणि दोनच वर्षांनी, २०२१ मध्ये पुन्हा घरे पाण्यात गेली. त्या शब्दांचा अर्थ असा की तेवढा किंवा त्याहून मोठा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता एक टक्का आहे. तीस वर्षे त्या घरात राहिलात तर त्या काळात निदान एकदा तो गाठण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. निळ्या रेषेच्या पुराची शक्यता दरवर्षी चार टक्के, आणि पंचवीस वर्षांत ती सुमारे ६४ टक्क्यांवर जाते. गृहकर्जाची मुदत बहुधा वीस ते तीस वर्षांची असते, म्हणून हे आकडे त्या मुदतीशी ताडून पाहावेत.

भरावाबद्दल मध्यस्थाने जे सुचवले आहे ते मला सर्वांत अधिक खटकते. पाच गुंठे म्हणजे सुमारे ५०६ चौरस मीटर. वरच्या उदाहरणाप्रमाणे तेवढा प्लॉट २.७५ मीटर भरून घेतला तर त्यातल्या लाल रेषेच्या पातळीखालच्या २.३० मीटरमध्ये जवळपास साडेअकरा लाख लिटर पाण्याची जागा आपण मातीने अडवली. कृष्णेच्या पुरापुढे हा आकडा किरकोळ आहे, हे खरे. पण त्याच ओळीतल्या पन्नास जणांनी तसेच केले आणि मधला ओढा राडारोड्याने अरुंद झाला, तर ते पाणी ज्याने भराव टाकला नाही त्याच्या घरात अधिक उंचीने आणि अधिक वेळ उभे राहते. शिवाय नीट न ठोकलेला उंच भराव भिजला की खचतो आणि त्यावरच्या फरशा, कुंपण, कधी जोत्याच्या भिंतीही तडकतात. जोते खरोखरच सहा-नऊ फूट उंच घ्यावे लागणार असेल तर खांबांवर घर उचलून खालची जागा वाहनांसाठी मोकळी ठेवणे, म्हणजे पाण्याला वाट देणे, हे मला अधिक योग्य वाटते. मीटर, पंपाचा स्टार्टर, इन्व्हर्टर हे सगळे त्या पातळीच्या वर न्यावे. शौचकूप आणि जमिनीखालची पाण्याची टाकी यांचा विचार नकाशा काढतानाच करावा, कारण पुराचे पाणी घरात शिरले नाही तरी या दोन ठिकाणांहून ते उलटे येते.

कागदपत्रांचे सांगायचे तर सातबाऱ्यावर पूररेषेचा उल्लेख सहसा नसतो आणि खरेदीखताची नोंदणी झाली म्हणजे बांधकामाची परवानगी मिळाली, असे होत नाही. आपल्या गटाचा झोन दाखला आणि भाग नकाशा नगर रचना कार्यालयातून किंवा संबंधित नियोजन प्राधिकरणाकडून घ्या, म्हणजे जमीन रहिवास विभागात आहे की शेती विभागात, हेही कळेल. लाल रेषेतली परवानगी ही मुळात बांधकामयोग्य जमिनीलाच असते. त्यानंतर जलसंपदा विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांच्या कार्यालयात गट नंबर आणि मोजणी नकाशा जोडून लेखी अर्ज करा. अर्जात "प्लॉट पूररेषेत येतो का" एवढेच न विचारता "या गटापाशी निळ्या आणि लाल पूररेषेची समुद्रसपाटीपासूनची पातळी किती" असे स्पष्ट विचारा. उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकारात तीच माहिती मागता येते. पातळी हातात आल्यावर सर्वेक्षकाकडून प्लॉटच्या चारही कोपऱ्यांची आणि मधल्या भागाची उंची काढून घ्या; हे काम बहुधा एका दिवसाचे असते. प्लॉटचा थोडा भाग निळ्या रेषेत निघाला तरी लगेच सोडून देऊ नका, कारण जमीन विकासयोग्य विभागात असेल तर बाधित भागाचा चटईक्षेत्र निर्देशांक (एफएसआय), म्हणजे त्या भागावर मिळणारे बांधकामाचे क्षेत्र, उरलेल्या भागावर वापरण्याची तरतूद यूडीसीपीआरमध्ये आहे. मात्र उरलेल्या भागावर घर, जिना आणि सोडायची अंतरे बसतात का, हे आधी कागदावर आखून पाहावे लागेल.

हे सगळे होईपर्यंत मध्यस्थ घाई करील, दुसरे गिऱ्हाईक तयार आहे असे सांगेल. विसार द्यायचाच असेल तर विसार पावतीत अशी अट लिहून घ्या की, जलसंपदा विभागाच्या लेखी उत्तराप्रमाणे प्लॉटचा अमुक टक्क्यांहून अधिक भाग निळ्या रेषेत निघाल्यास, किंवा जोते जमिनीपासून अमुक मीटरहून अधिक उंच घ्यावे लागणार असल्यास, विसाराची पूर्ण रक्कम ठरलेल्या दिवसांत परत मिळेल. दोन्ही आकडे आपल्या अंदाजपत्रकाप्रमाणे आपण ठरवा. ही अट लिहून द्यायला विक्रेता तयार नसेल, तर मी आपल्या जागी असतो तर त्या प्लॉटचा विचार तेथेच थांबवला असता.