आजीनं बंद करायला लावलेलं स्मार्ट होम

प्रश्न: मी कोल्हापुरात ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) तिसऱ्या वर्षाला आहे. मिनी प्रोजेक्ट म्हणून घरातले दिवे, पंखे मोबाईलवर आणि सेन्सरवर चालणारी सिस्टीम बनवली. कॉलेजात बक्षीस मिळालं, पोरं म्हणाली ‘नाद खुळा’. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी बसवली, तर आजीनं आठवड्याभरात काढायला लावली. बाथरूमचा दिवा ती आत असतानाच जायचा आणि तिनं भिंतीवरचं बटण बंद केलं की मोबाईलला बल्बच सापडायचा नाही. मला याच क्षेत्रात करिअर करायचंय. बाबा म्हणतात, पुण्यात आयटीत चिकट. कुठला कोर्स करू? – एक विद्यार्थिनी

उत्तर: कोर्सचं नंतर बघू. आधी तुझ्या आजींचं म्हणणं ऐकू, कारण तुझ्या पत्रात सगळ्यात कामाची माहिती त्यांनीच दिली आहे.

बाथरूमचा दिवा का गेला, हे तुला कळलं असेलच. तू पीआयआर सेन्सर लावला असणार. त्याला माणूस दिसत नाही, अंगाची ऊब हलली तरच कळतं. तरुण माणूस आत जातो आणि दोन मिनिटांत बाहेर येतो. गुडघे धरलेलं माणूस बसतं, उठायला वेळ घेतं, आणि तेवढ्यात टायमर संपून अंधार. ओल्या फरशीवर, भिंत चाचपत! यावर इलाज आहेत. टायमर भरपूर वाढव, किंवा मिलिमीटर वेव्ह रडारचा सेन्सर वापर, त्याला श्वासाची हालचालसुद्धा कळते. माझं विचारशील तर तो दिवा आपोआप लागू दे, बंद मात्र माणसानंच करू दे. विजेची बचत बाथरूममध्ये करायची नसते.

बटणाचंही तसंच. भिंतीवरचं बटण बंद केलं की स्मार्ट बल्बला वीजच मिळत नाही, मग तो मोबाईलला काय सापडणार? बल्ब साधाच ठेवून बोर्डाच्या आत रिले मॉड्यूल (वीज चालू-बंद करणारं छोटं यंत्र) बसवलं, तर बटणही चालतं आणि मोबाईलही. यासाठी बहुतेक मॉड्यूलना बोर्डात न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारा तारेचा धागा लागतो, आणि पेठेतल्या जुन्या वायरिंगमध्ये तो कितीदा तरी थेट दिव्याकडे गेलेला असतो, बटणाच्या डबीत नसतोच. ही गोष्ट ॲपच्या माहितीपत्रकात सहसा ठळक छापलेली नसते. वायरमनला विचार, तो उभ्या उभ्या सांगेल.

आता मुद्द्याचं. आपल्या भागात घराबाहेर एक ‘स्मार्ट’ वस्तू केव्हाच रुळली आहे, तिला तसं कुणी म्हणत नाही एवढंच. उसाला पाणी द्यायला रात्रीची थ्री फेज. अंधारात, विंचू-काट्यातून मोटार चालू करायला मळ्यात जायचं. त्यावर मोबाईलवरून मोटार चालू-बंद करणारा स्टार्टर आला. पुण्याचे संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’ या अशाच यंत्रामागे त्यांच्या आजोबांची शेतापर्यंतची पायपीट होती. साध्या बटणाच्या फोनवरूनही ते चालतं. ना वायफाय, ना ॲप. ज्याला त्रास आहे त्याच्या हातात काय असतं, तिथून सुरुवात केली की असं यंत्र तयार होतं.

तुझा पुढचा प्रोजेक्ट घरातच आहे. काही दिवस आजींबरोबर नुसती राहा, काहीही न बसवता. रात्री कितीदा उठतात, कुठलं बटण सवयीनं चाचपतात, गॅस बंद केला की नाही हे बघायला परत जातात का, एका वहीत लिहून काढ. नळाला पाणी आल्याचं घरात आधी कुणाला कळतं? टाकी भरून वाहिली की कोण ओरडतं? मला वाटतं, मोबाईलवरून जांभळा करता येणाऱ्या दिव्यापेक्षा पाणी आल्याची घंटी आणि टाकी भरल्यावर बंद होणारी मोटार तुमच्या घरात जास्त लाडकी होईल. लाईट गेली आणि राउटर इन्व्हर्टरवर नसला तर काय चालेल, काय अडेल, हेही तपास. इंटरनेटशिवाय घरातल्या घरात चालणारी रचना शिकायची तर ‘होम असिस्टंट’ हे सॉफ्टवेअर फुकट आहे. ऑक्टोबर 2022मध्ये आलेलं ‘मॅटर’ हे मानकही वाच. वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी बोलावीत आणि तेही स्थानिक नेटवर्कवर, हा त्याचा उद्देश आहे.

कॅमेरा लावायचा मोह होईल. ‘आजी पडली तर कळेल’ हे कारण खरं आहे, पण आजींना विचारलंस का? खोलीच्या दाराला लावलेला साधा सेन्सरही सांगतो की सकाळी दार उघडलेलं नाही. तेवढ्यानं भागत असेल तर त्यांना दिवसभर कुणाच्या नजरेत ठेवायचं कारण नाही. 2023चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा वाचून ठेव, कारण या क्षेत्रात लोकांच्या घरातली माहिती तुझ्या हातात असणार.

आता कोर्स. ‘स्मार्ट होम एक्स्पर्ट’ असं प्रमाणपत्र देणाऱ्या महागड्या क्लासला पैसे घालू नकोस. हार्डवेअर आवडत असेल तर एम्बेडेड आणि फर्मवेअर (यंत्राच्या आतली चिप आणि तिच्यावर चालणारा प्रोग्राम) पक्कं कर, ईएसपी32 या वायफाय चिपवर हात बसू दे. माणसांना समजून वस्तू घडवणं जास्त आवडत असेल तर इंटरॅक्शन डिझाईन. आयआयटी मुंबईचं आयडीसी हे डिझाईन स्कूल 1969मध्ये सुरू झालं. तिथल्या एम.डेस. या पदव्युत्तर पदवीसाठी सीईईडी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाही ती देता येते. एनआयडी या राष्ट्रीय डिझाईन संस्थेच्या बंगळूर कॅम्पसलाही हा विषय आहे, त्याची प्रवेश परीक्षा वेगळी. तिथे तुझी चित्रकला बघतील, पण आजींची ती वही दाखवलीस तर जास्त वेळ बोलतील.

बाबांचंही सर्वस्वी चुकत नाही. कोल्हापुरात सध्या या क्षेत्रातलं काम म्हणजे मुख्यतः नव्या बंगल्यांत सिस्टीम बसवून देणं. वस्तू घडवण्याच्या नोकऱ्या पुण्या-बंगळूरकडे जास्त. कॅम्पसला एम्बेडेडचं काम देणारी कंपनी आली तर जरूर घे, दोन वर्षं पगार घेऊन शिकशील. नुसतं टेस्टिंगचं काम मिळत असेल तर मात्र बाबांशी पुन्हा बोल, आणि बोलताना वही बरोबर ठेव.

आणि बोर्ड एकटीनं उघडू नकोस. मेन बंद करून, लायसन्स असलेल्या वायरमनला शेजारी उभं करून मगच हात घाल.