क्रिकेटचे नियम शिकायला दुबळा संघ धरावा का?

तुम्ही लिहिलंय की घरात सगळे क्रिकेटवेडे आहेत, तुम्हाला नियम कळत नाहीत, आणि कुणीतरी सुचवलंय की भारताऐवजी एखादा छोटा संघ धरा, खेळ लवकर समजेल. यात तथ्य आहे का, असं विचारलंय.

आहे. मी बेळगावात शहापूरला राहते आणि माझा संघ नेपाळ.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी चायनीजचा गाडा आहे. तिथं काम करणारी पोरं नेपाळची. मोबाईल तेलाच्या डब्याला टेकवलेला, त्यावर मॅच चालू. गोबी बांधून मिळेपर्यंत मी बघत उभी राहायची आणि सुचेल ते विचारायची. एका हातानं कढई हलवत ती पोरं हिंदीत सगळं सांगायची. घरात ही सोय नाही. भारताची मॅच चालू असताना "हे नॉट आऊट का दिलं?" असं विचारून बघा. आमचे दीर म्हणतात, "वहिनी, थांबा की जरा!" शिवाय त्यांनाही सगळं येतं असं नाही. ही मंडळी गल्लीत टेनिस बॉलवर खेळून मोठी झालेली. तिथं एलबीडब्ल्यू, म्हणजे स्टंपकडे जाणारा बॉल पायानं अडवला म्हणून आऊट, नसतेच, एक टप्पा पडून झेल घेतला तरी आऊट, आणि कुणाच्या कौलावर बॉल मारला तर मारणाराच आऊट.

मोठा संघ बऱ्याचदा ऐटीत जिंकतो, त्याच्या मॅचमध्ये नियमांचं पुस्तक उघडायची वेळच येत नाही. छोटा संघ कायम काठावर असतो. एका रननं, चार बॉलनं, मावळत्या उजेडानं त्याचं नशीब ठरतं, आणि अशा वेळी प्रत्येक बारीक नियम मोठा होऊन समोर येतो.

२०२४ चा टी-ट्वेंटी वर्ल्ड कप घ्या. वेस्ट इंडिजमध्ये सेंट व्हिन्सेंटला नेपाळ विरुद्ध दक्षिण आफ्रिका, आपल्याकडे पहाटेचे पाच. आफ्रिकेला ११५ वर रोखलं होतं. शेवटच्या बॉलला दोन रन हवे होते. गुलशन झाच्या बॅटला बॉल लागलाच नाही, तो कीपरकडे गेला, तरी दोघं पळाले. मी विचारलं, बॅटला लागला नाही तर पळतात कशाला? तर उत्तर असं की बॉल बॅटला किंवा अंगाला लागला नाही तरी पळून काढलेला रन संघाच्या खात्यात पडतो, त्याला बाय म्हणतात. तो एक रन पुरा झाला असता तर मॅच बरोबरीत, म्हणजे टाय, सुटून सुपर ओव्हर झाली असती, म्हणजे दोघांना आणखी एकेक ओव्हर. पण झा रन आऊट. बॅट किंवा अंगाचा काही भाग क्रीजच्या, म्हणजे स्टंपपुढं आखलेल्या रेषेच्या आत टेकलेला हवा. रेषेवर असला तरी चालत नाही. नेपाळ ११४, एका रननं हार. बाय, क्रीज, टाय, सुपर ओव्हर, सगळं एका बॉलमध्ये. इतका महाग धडा मी विसरणार कसा?

डकवर्थ-लुईस-स्टर्न, म्हणजे डीएलएस, ही पावसानं किंवा उजेडानं मॅच अडली तर निकाल लावायची रीत. तिचं नाव ऐकलं की लोक हात जोडतात. मला ती नेपाळमधल्या कीर्तिपूरच्या मैदानानं शिकवली. १६ मार्च २०२३, समोर यूएई. वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीत जायचं तर जिंकायलाच हवं. यूएईनं ३१० केले. मैदानात तेव्हा दिवे नव्हते, लोक झाडांवर चढून बसलेले. ४४ ओव्हरनंतर नेपाळ ६ बाद २६९ असताना उजेड गेला आणि खेळ थांबला. ३१० झालेच नाहीत, तरी नेपाळ ९ रननं जिंकला! कारण डीएलएस विचारतं की हातात किती ओव्हर आणि किती विकेट शिल्लक होत्या आणि त्या हिशेबानं आत्तापर्यंत किती व्हायला हवे होते. ते होत होते २६०. सरासरी काढून हे येत नाही, विकेट जास्त पडल्या असत्या तर हाच आकडा वर सरकला असता. एवढं कळलं तरी पुष्कळ, पुढचं गणित कॉम्प्युटरवर सोडा.

नेट रनरेटसाठी मात्र मला अफगाणिस्तानकडे जावं लागलं. ओव्हरमागे आपण काढलेल्या रनांतून समोरच्यांचे वजा केले की तो येतो, आणि गुण सारखे असले की पुढं कोण जाणार ते त्यावर ठरतं. ५ सप्टेंबर २०२३, लाहोर, आशिया कप. श्रीलंका २९१. पुढच्या फेरीत जायला अफगाणिस्तानला ते ३७.१ ओव्हरमध्ये पार करायचे होते. ३७ ओव्हर झाल्या तेव्हा २८९, एका बॉलला तीन हवे. मुजीब उंच मारायला गेला आणि झेल देऊन बसला. सगळ्यांना वाटलं, संपलं. पण संपलं नव्हतं. रनरेटमध्ये प्रत्यक्ष काढलेले सगळे रन मोजतात, जिंकायला लागतात तेवढेच नव्हे. पुढच्या तीन बॉलांत एक सिक्स बसला असता तर २९५ होऊन ते आत गेले असते. फारूकीनं दोन बॉल नुसते अडवले, तिसऱ्याला एलबीडब्ल्यू. जोरात मारणारा राशीद पलीकडच्या टोकाला उभा. ही गणितं आपल्याला कुणी कळवलीच नव्हती, असं त्यांचे कोच जोनाथन ट्रॉट नंतर म्हणाले. तेव्हा घरचे हसले तर हसू द्या.

एलबीडब्ल्यूला तीन प्रश्न विचारा, तेही याच क्रमानं. टप्पा लेग स्टंपच्या, म्हणजे बॅट्समनच्या पाठीकडच्या स्टंपच्या, बाहेर पडला का? पडला असेल तर नॉट आऊट, पुढचं बघायचंच नाही. पायाला लागला तेव्हा बॉल ऑफ स्टंपच्या, म्हणजे दुसऱ्या बाजूच्या स्टंपच्या, बाहेर होता आणि बॅट्समन खेळायला गेला होता का? तरीही नॉट आऊट. मग शेवटी, स्टंपला लागला असता का?

छोट्या संघाचा आमच्यासारख्यांना आणखी एक फायदा. बेळगावचं क्रिकेट कर्नाटकाच्या असोसिएशनच्या धारवाड विभागात येतं, त्यामुळं इथला पोरगा पुढं गेला तर कर्नाटकाकडून खेळणार. रणजी ट्रॉफीत महाराष्ट्र-कर्नाटक लागली की एकाच घरात दोन पक्ष. जून २०१९ मध्ये आमच्या ऑटोनगरच्या मैदानावर पुण्याचा ऋतुराज गायकवाड भारत अ संघाकडून श्रीलंका अ विरुद्ध नाबाद १८७ करून गेला, तशा वेळी बरं असतं, दोन्हीकडच्यांना टाळ्या वाजवता येतात. नेपाळच्या मॅचमध्ये सीमाप्रश्न शिरत नाही, हे मला फार सोयीचं वाटतं.

सुरुवात सप्टेंबर २०२५ च्या शारजातल्या मालिकेच्या हायलाइट्सनं करा. तिथं रोहित पौडेलच्या नेपाळनं वेस्ट इंडिजला आधी १९ रननं आणि मग ९० रननं हरवून मालिका घेतली. तिसरी मॅच दहा विकेटनी हरले, तीही बघा. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला स्वतः स्कोअर लिहीत बसा. वाइड आणि नो बॉलचा रन कुठं मांडायचा हे अडलं की नियम शोधावाच लागतो. कसोटीच्या वाटेला इतक्यात जाऊ नका. फॉलोऑन वगैरे विचाराल तेव्हा सांगते.