गिटार घरी ठेव

प्रिय मुला,

सप्रेम जय ख्रिस्त.

तुझी चिठ्ठी पाळकसाहेबांनी रविवारी उपासनेनंतर हातात दिली. चार पानांतली अडीच तर वृद्धाश्रमात करायच्या कार्यक्रमाचीच आहेत: तीन गीतं, साक्ष, वीस मिनिटांचा संदेश, मग केक आणि फोटो. बिबवेवाडीला सेमिनरीत पाळकीचं शिकतोस, उत्साह आहे, छानच. पण मी नर्स म्हणून तेहेतीस वर्षं वॉर्डात काढली आणि निवृत्त झाल्यापासून दर गुरुवारी कोंढव्याकडच्या एका वृद्धाश्रमात जाते, जिथे निम्मी माणसं अंथरुणाला खिळलेली आहेत. तेव्हा थोडं माझंही ऐक.

योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय तुला पाठ असेल. पाळकाच्या दीक्षाविधीला हमखास वाचतात. येशू आपल्या शिष्याला, पेत्राला, 'माझ्यावर प्रेम करतोस का?' असं तीनदा विचारतो आणि तीनदा आपल्या माणसांचा कळप त्याच्या हाती देतो. सतराव्या वचनापर्यंत वाचतात आणि पुस्तक मिटतात. अठरावं काढून बघ. कळप सोपवून झाल्या झाल्या येशू म्हातारपणाचंच बोलतो. तरुणपणी तू आपली कंबर आपण बांधून वाटेल तिथे जात होतास. म्हातारा झालास की हात पुढे करशील, कंबर दुसराच बांधील आणि तुला नको तिथे नेईल. हे पेत्राच्या मरणाविषयी होतं, असं योहान लगेच पुढे सांगतो, ते खरंच. पण मी आयुष्यभर पेशंटच्या गाऊनच्या नाड्या बांधल्या. मला त्या वचनात नर्सच दिसते.

वृद्धाश्रमात सगळं दुसऱ्याच्या घड्याळावर चालतं. साडेसहाला चहा, आठला स्पंज, बाराला वरणभात, आणि टीव्हीवर मावशी लावतील ती मालिका. डायपरसुद्धा राउंडला बदलणार. त्यात आपण टाळ्या वाजवत शिरतो आणि कुणाच्याही डोक्यावर हात ठेवून प्रार्थना सुरू करतो. बेडवरच्या माणसाला उठून जाता येत नाही रे! म्हणून आधी विचार. आजी, बसू का? प्रार्थना करू, की नुसता बसू? 'नको' म्हणाल्या तर तोंड पाडू नकोस. अख्ख्या दिवसात त्या ज्याला 'नको' म्हणू शकतात असा कदाचित तू एकटाच असशील.

खिडकीपाशी एक आजोबा होते, रेल्वेतले, निम्मी नोकरी दौंडला झालेली. आपल्यातलेच, पण बायको गेल्यापासून देवाशी अबोला. पहिल्या गुरुवारी प्रार्थनेचं विचारलं, 'नको'. दुसऱ्या गुरुवारी, 'नको'. मग मी केडगावचा विषय काढला. माझी आजी तिथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली, रमाबाई 1922 साली गेल्या तेव्हा ती दहा वर्षांची होती. आजोबांना यातलं काहीच नको होतं. त्यांना कुठली पॅसेंजर केडगावला किती मिनिटं थांबायची ते सांगायचं होतं. सात महिने मी थांबे ऐकले. दर वेळी विचारलं, दर वेळी 'नको'. एकदा फार पाऊस होता, मी न विचारताच छत्री उचलली, तर मागून आवाज आला, "आज विचारलं नाहीत?" विचारलं. "नको," म्हणाले, आणि हसले.

आता माझी चूक सांगते. एका आजींना 'पुढच्या गुरुवारी नक्की' म्हणून आले आणि गेले नाही. मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, कमिटीची मीटिंग होती, भिंतींना रंग कुठला द्यायचा यावर. पुढल्या आठवड्यात गेले तर मावशींनी मला दारातच धरलं. त्या दिवशी आजींनी स्पंज करू दिला नव्हता. बाई येणार, मला आंघोळच पाहिजे, म्हणून हटून बसल्या. दोघींनी उचलून न्हाणीत नेलं, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून आंघोळ घातली, निळी साडी नेसवली आणि त्या जेवणापर्यंत दाराकडे बघत बसल्या. आजी मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. मावशी बोलल्या, आणि बरं केलं. तेव्हापासून मी कुणालाही 'नक्की' म्हणत नाही. वार ठरवते आणि जाते. नाताळात फोटो काढायला पन्नास जण येतात, जूनमधल्या पावसात कोण येतं ते बघ.

बाकीचं भराभर सांगते. सकाळी साडेदहा ते साडेअकरा जा. संध्याकाळ नको, विसरभोळेपणाचा आजार असलेली बरीच माणसं दिवस कलायला लागला की बेचैन होतात. उजेड तुझ्या तोंडावर पडेल असा बैस, खालच्या पट्टीत, सावकाश बोल. ओरडलास की शब्द फुटतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं हा रागावला. गिटार घरी ठेव. श्रवणयंत्रात तिचा नुसता खडखडाट होतो. 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातली जुनी गीतं साध्या गळ्याने म्हण. प्रभूची प्रार्थनाही जुन्या शब्दांत म्हण, 'पवित्र मानिले जावो' अशी. सकाळी काय खाल्लं ते न आठवणारी माणसं ती शेवटपर्यंत बिनचूक म्हणतात, पण नवा शब्द आला की अडखळतात आणि मग कावरीबावरी होतात.

प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस द्यायला, पाळकसाहेबांबरोबर जाशील तेव्हा आधी सिस्टरना विचारायचं, गिळता कुणाला येतं. काहींना भाकरीचा कण रसात भिजवून द्यावा लागतो, तोही उठवून बसवल्यावर. नाकात नळी असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, श्रद्धेने दिलं तरी ते फुप्फुसातच जायचं.

खोलीत सगळे आपले नसतात. शेजारच्या बेडवर शनिवार पेठेतल्या एक बाई आहेत, शाळेत मराठी शिकवायच्या. मी एकदा म्हटलं, टिळकांचं गीत म्हणते. "कुठले टिळक?" "रेव्हरंड." त्यावर त्यांनी जखमी पक्षिणीची सगळी कविता म्हणून दाखवली, मला तर दोनच ओळी येत होत्या. त्यांच्या उशाशी धर्मप्रचाराची पत्रिका ठेवून येऊ नकोस. त्यांच्याकडून कविता शीक.

कुणाचं मृत्युपत्र असेल तर साक्षीदार म्हणून सही करायची नाही, मंडळीला देणगी म्हणून अंगठी पुढे केली तरी घ्यायची नाही. मुलं बघत नाहीत म्हणून कुणी रडलं तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्याने प्रांताधिकाऱ्यांकडे पोटगीचा अर्ज करता येतो, एवढं तुला माहीत असू दे. पण लगेच फॉर्म काढू नकोस. बहुतेकींना मुलाची तक्रार करायची नसते, त्याचं नाव कुणापाशी तरी घ्यायचं असतं.

एक गोष्ट मात्र स्वतःहून कर. आपल्या आजींना रात्री झोपू न देणारा प्रश्न पापक्षमेचा क्वचितच असतो. तो असतो, "माझ्या मातीला कोण येईल?" मुलगा परदेशात, वर्गणी थांबलेली, मंडळीच्या रजिस्टरातून नाव गळालेलं. मग ऐन वेळी कबरस्तानाची पावती कोणाच्या नावाने करायची यावरून धावाधाव. तू आत्ताच सेक्रेटरींकडे बसून नावं तपास. नवऱ्याची कबर कुठे आहे, तीत जागा मिळेल का, कुठलं गीत म्हणायचं, हे आजींनाच विचारून वहीत लिही आणि त्यांना वाचून दाखव. पंचहौद मिशनमध्ये वाढलेल्या एका आजींनी मला तीन गीतं सांगितली, मग एक खोडायला लावलं. म्हणाल्या, "हे नको, फार लांबतं, लोकांना उन्हात उभं राहावं लागेल."

तर गुरुवारी सव्वादहाला गेटपाशी ये. चपला पटकन काढता येतील अशा घाल. केक आणू नकोस, सतरा जणांना साखर आहे. निळ्या साडीवाल्या आजींशी मी तुझं बोलले आहे, तुला भेटायचं की नाही ते त्या तेव्हाच सांगणार आहेत.

तुझी,
काकू