आधी अर्ज, मग बैठक

प्रश्न : सासर कराडचं. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून चौदा महिन्यांपूर्वी मुलीला घेऊन कोल्हापुरात राजारामपुरीत आईकडे आले. पाहुण्यांनी तीन बैठका घेतल्या, काही ठरलं नाही. घर सासूच्या नावावर आहे. वर्ष उलटलं, आता केस होत नाही, असं एकजण म्हणाला. काय करावं?

ताई, अशी पत्रं मला सारखी येतात. मारहाण, शिव्या, माहेरून पैसे आणायचा तगादा, सगळं तुम्ही सविस्तर लिहिलंय. कोर्टात अर्ज केल्याची तारीख मात्र कुठेच नाही, कारण अर्जच केलेला नाही. चौदा महिने गेले!

पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात, घर सोडल्याच्या तारखेपासून नाही. सुप्रीम कोर्टाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या निकालात हे स्पष्ट केलंय. म्हणजे ‘दिवाळीनंतर बसू’ म्हणत पाहुण्यांनी घालवलेला एकेक महिना तुमच्या मुलीच्या ताटातून गेला. मागचा खर्च मागता येतो, तो मागाच. पण मिळेलच असं मी म्हणणार नाही.

वर्षाच्या मुदतीचं डोक्यातून काढा. घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम १२ च्या अर्जाला ती लागू नाही, हे सुप्रीम कोर्टात २०२२ मध्येच ठरलंय. छळाच्या फौजदारी तक्रारीला मात्र तीन वर्षांची मुदत आडवी येऊ शकते. कराडला हेलपाटे मारायची गरज नाही. तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे कोल्हापूरच्या कोर्टात अर्ज चालतो. घर सासूच्या नावावर असलं तरी राहण्याचा हक्क मागता येतो. त्याच घरात खोली मिळेल की भाड्याचे पैसे, ते पुराव्यावर ठरेल.

या मुख्य अर्जासोबत त्याच कायद्याच्या कलम २३ खाली अंतरिम पोटगीचा अर्ज त्याच दिवशी द्या. मुख्य अर्जाचा पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात नोटीस बजावून यायलाच महिने जातात, मग समोरचा वकील मुदत मागतो, आणि कोर्ट ती देतं. याची मला मनस्वी चीड येते. तोवर घर चालायला हवं, ते अंतरिम हुकमावरच.

ब्लाउज शिवून चार-पाच हजार मिळतात, ते प्रतिज्ञापत्रात लिहा. त्याने पोटगी बुडत नाही. लपवलेलं उलटतपासणीत निघालं, तर तुमच्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरही शंका येते.

वकिलाच्या फीसाठी थांबला असाल तर कसबा बावड्याला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जाताना सीपीआर या सरकारी दवाखान्याचा केसपेपर, मुलीचा जन्मदाखला आणि कोल्हापुरी साजाची गुजरीतल्या सराफाची पावती घ्या. साज सासूच्या कपाटात आहे म्हणता, तर लग्नाच्या अल्बममधला तुमच्या गळ्यात तो स्पष्ट दिसणारा फोटोही घ्या. स्त्रीधन तुमचं आहे, त्याची मागणी याच अर्जात करता येते.

चौथ्या बैठकीचा निरोप आलाय, असं शेवटी लिहिलंय. जायचं तर जा, पण अर्जाला नंबर पडल्यावर.