आधी त्या सोफ्यावरून ऊठ

ताई,
माझी मुलगी तीन आठवड्यांची आहे. पूर्ण दिवस भरून झाली, वजन छान वाढतंय, डॉक्टर म्हणाले सगळं व्यवस्थित आहे. पण रात्री झोपेत तिचा श्वास मध्येच थांबतो. पाच-सहा सेकंद पोट हलतच नाही, मग एकदम भराभर चार-पाच श्वास घेते आणि पुन्हा नेहमीसारखी. मी मोबाइलच्या उजेडात तिच्या पोटाकडे बघत मोजत राहते. हे खूप समजूतदार आहेत, दिवसा घरी असले की सगळी मदत करतात. पण त्यांना सकाळी ऑफिस असतं, म्हणून रात्री मी तिला घेऊन बाहेरच्या खोलीत सोफ्यावर बसते. छातीवर घेतलं की तिचा श्वास मला जाणवतो, तेवढाच माझाही जरा डोळा लागतो. बाळाच्या पायाला लावायचं ते श्वासावर लक्ष ठेवणारं यंत्र घेऊ का? कोणतं चांगलं?
— रात्रभर जागी

बाळा,
यंत्राचं नंतर बघू. तू श्वासाबद्दल दहा ओळी लिहिल्यास आणि सोफ्याबद्दल एक. मला ती एक सोडवत नाही. ‘तेवढाच माझाही जरा डोळा लागतो.’

ज्या भीतीने तू रात्रभर जागतेस, तिचं खरं कारण तू रोज रात्री स्वतःच्या छातीवर घेऊन बसते आहेस. दमलेल्या आईला सोफ्यावर झोप लागते, तेव्हा हात सैल पडतात. बाळ घसरतं आणि तुझं अंग आणि सोफ्याची पाठ यांच्यामधल्या फटीत जातं. किंवा मान पुढे पडून हनुवटी छातीला टेकते आणि एवढीशी श्वासनलिका दबते. तीन आठवड्यांच्या बाळाला मान उचलून नाक मोकळं करता येत नाही. रडायलाही श्वास लागतो, त्यामुळे आवाज होत नाही. तू जागी होणार नाहीस. मोठ्या माणसाबरोबर सोफ्यावर किंवा मऊ आरामखुर्चीत झोपलेल्या बाळाला झोपेत मृत्यू येण्याचा धोका ६७ पटींपर्यंत वाढतो, असं अमेरिकन बालरोग अकादमीने २०२२च्या सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलं आहे. तुला घाबरवायला हे सांगत नाही. घाबरलेली तू आधीच आहेस. फक्त ती भीती चुकीच्या जागी लागली आहे, ती मला उचलून योग्य जागी ठेवायची आहे.

आता तो थांबणारा श्वास. तू जे वर्णन केलंस त्याला डॉक्टर पिरिऑडिक ब्रीदिंग म्हणतात आणि नवजात बाळांमध्ये ते नेहमी दिसतं. श्वासाची लय सांभाळणारं मेंदूतलं केंद्र अजून पुरतं तयार झालेलं नसतं. म्हणून बाळ पाच-दहा सेकंद थांबतं, मग भराभर श्वास घेऊन भरपाई करतं आणि पुन्हा लयीत येतं. या वयात बाळाची जवळजवळ निम्मी झोप चाळवलेली असते. पापण्यांखाली डोळे फिरतात, ओठ हलतात, मध्येच कण्हल्यासारखा आवाज येतो आणि श्वासही तेव्हाच जास्त वेडावाकडा होतो. सहाव्या महिन्याच्या सुमारास हे सगळं बरंच निवळतं.

मोजायचंच असेल तर पूर्ण एक मिनिट मोज. लय एकसारखी नसल्यामुळे पंधरा सेकंद मोजून चौपट केलं की आकडा फसवतो. शांत असताना मिनिटाला ३० ते ६० श्वास ठीक. शांत असतानाही ६०च्या वरच राहत असतील, दर श्वासाला फासळ्यांखाली खड्डा पडत असेल, नाकपुड्या फुलत असतील, ती सतत कण्हत असेल किंवा दूध ओढेनाशी झाली असेल, तर त्याच वेळी डॉक्टर. श्वास २० सेकंद किंवा जास्त थांबला, ओठ-जीभ निळी पडली किंवा अंग लुळं पडलं, तर फोनवर विचारत बसायचं नाही, थेट रुग्णालय. हातापायांचे तळवे पहिल्या दिवसांत थोडे निळसर दिसतात, त्याने दचकू नकोस. यातलं एकही लक्षण तुझ्या पत्रात नाही. मनाच्या समाधानासाठी तिच्या श्वासाचा मोबाइलवर एक व्हिडिओ काढ आणि पुढच्या तपासणीला दाखव. शब्दांत सांगण्यापेक्षा डॉक्टरांना त्यातून लवकर कळेल.

यंत्र नको. निरोगी बाळांचे अचानक होणारे मृत्यू अशा यंत्रांमुळे टळतात असं सिद्ध झालेलं नाही. पट्टी सरकली की ते ठणाणा करणार, तू धावणार आणि उरलेली झोपही जाणार. ज्या गोष्टीने मृत्यू खरोखर कमी झाले ती फुकट आहे: बाळाला पाठीवर झोपवणं. अमेरिकेत १९९४ साली त्याची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत असे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

आणि आता त्या समजूतदार माणसाबद्दल. ऑफिसला जाणाऱ्याने झोपायचं आणि बाळाला सांभाळणारीने जागायचं, हे तुमच्या घरी कधी ठरलं? मला वाटतं, ठरलं नाहीच. तू उठून बाहेर गेलीस आणि त्यांनी जाऊ दिलं. मला हा समजूतदारपणा वाटत नाही. झोपेला पारखा झालेला माणूस ऑफिसात चुका करेल, तर त्या दुरुस्त होतील. तुझ्या हातात जे काम आहे त्यात पेंगून चालत नाही. दिवसाची मदत चांगलीच, पण ही मुलगी धोक्यात आहे ती रात्री, तू एकटी बाहेरच्या खोलीत असताना.

म्हणून एकच सांगते आणि ते आजच करायचं. आज रात्री तू आणि मुलगी खोलीत परत. तिची स्वतंत्र जागा तुमच्या पलंगाला लागून, गादी सपाट आणि घट्ट, मुलगी पाठीवर. उशी नाही, लोड नाही, सुटं पांघरूण नाही, मऊ खेळणी नाहीत. मध्यरात्रीपर्यंतची पाळी त्यांची. ती रडली तर ते उठतील, तुझ्याकडे पाजायला आणतील आणि पाजून झालं की उचलून तिच्या जागी ठेवतील. पाजताना डोळा लागेल असं वाटत असेल, तर सोफ्यापेक्षा पलंगावर बस, उश्या-पांघरुणं आधी बाजूला काढ. तिथेही झोपायचं ठरवून बसू नकोस, आणि झोप लागलीच तर जाग येताक्षणी तिला तिच्या जागी ठेव. तुझी पाळी नसेल तेव्हा मोजायचं नाही. मोबाइल त्यांच्याकडे.

त्यांना विचारायला कसंतरी वाटत असेल तर हे उत्तरच वाचायला दे, पहिल्या ओळीपासून.

आठवडाभर पाळ्या लावूनही, ती शांत झोपलेली आणि दुसरं माणूस जागं असतानाही, तुझा डोळा लागला नाही, छातीत धडधडत राहिलं, सारखं उठून बघावंसं वाटलं, तर स्वतःसाठी डॉक्टरांची वेळ घे. बाळंतपणानंतर अशी चिंता अनेकींना जडते, त्यावर उपचार आहेत आणि अंगावर पाजत असतानाही घेता येतात. बाळाच्या पुढच्या तपासणीपर्यंत थांबू नकोस, आणि तिथे गेल्यावर ‘मी बरी आहे’ म्हणू नकोस.

तुझी,
ताई